तेरड्याची हर्बेरियम शीट दर पावसाळ्यात काळी का पडते, आणि त्यावर काय करावं

ऑगस्ट उजाडला की बॉटनीच्या मुलांची एकच तक्रार सुरू होते : "मॅडम, तेरडा परत काळा पडला." कोणाच्या शीटवर, म्हणजे दाबून वाळवलेलं रोप चिकटवून जपायच्या कागदावर, फुलाच्या जागी नुसता जांभळट डाग आणि त्यावर वर्तमानपत्राची उलटी उमटलेली अक्षरं. कोणाचं खोड गिळगिळीत. कोणाची पानं सगळी गळून खाली, आणि मधे उघडा दांडा. त्याच प्रेसमध्ये (रोपं कागदांत दाबून वाळवायची, पट्ट्यांनी आवळायची चौकट) टाकळा, आघाडा, कुर्डू मात्र व्यवस्थित वाळलेले असतात, म्हणून सगळा दोष तेरड्यावर जातो. पुढच्या वेळी मुलं वजन दुप्पट करतात, आणि काम आणखी बिघडतं.

तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपण ऐकत आलोय आणि ते खरंही आहे. पण रंग उडणं वेगळं आणि रोप सडणं वेगळं. रंग टिकवणं तुमच्या हातात नाही. सडणं थांबवणं पूर्णपणे हातात आहे, अगदी मुंबईच्या पावसातही.

आधी बिघाड कुठे आहे ते बघू. तेरड्याचं खोड म्हणजे जवळजवळ पाणीच. नखाने दाबलं तर थेंब बाहेर येतो. असं रोप दाबलं तरी लगेच मरत नाही. पेशी काही काळ जिवंत राहतात, श्वसन चालू असतं, आणि तेवढ्या वेळात रोप स्वतःची पानं गाळून टाकतं. ज्या पेशी दाबाने फुटतात त्यांच्यातली फेनॉल गटातली द्रव्यं ऑक्सिजनच्या संपर्कात येतात, पेशीतलीच विकरं (एन्झाइम) त्यांना तपकिरी-काळं करतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ती हीच क्रिया. जितका वेळ ओल राहील तितकी ती पुढे जाते. म्हणजे शर्यत वेळेची आहे : पहिल्या दीड-दोन दिवसांत रोपातलं बहुतेक पाणी बाहेर पडलं पाहिजे. वजनाने पाणी पिळून निघतं, वाळत नाही. ते कागदात उतरतं आणि कागद ओला झाला की तिथेच थांबतं.

आता मुंबईची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असणं इथे नेहमीचंच. रद्दीचा कोरडा दिसणारा कागदही अशा हवेत आधीच दमट असतो. हाताला कळत नाही, पण पावसाळ्यात पान उलटताना कागदाचा कुरकुर आवाज येत नाही तो याचमुळे. त्यात तेरडा ठेवायचा, वर गादी टाकायची आणि आठवड्याने बघायचं, ही बुरशी वाढवायची रीत झाली. गादीखाली झाड दाबण्याची पद्धत पुण्या-नाशकाकडे ऑक्टोबरात चालत असेल. इथे पावसाळ्यात ती विसरा.

हवा तापवा, रोप नको

नुसता टेबल फॅन लावला तर दमट हवाच फिरते. तीच हवा थोडी तापवली की गणित बदलतं. २८ अंश सेल्सियसची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ४४ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची पाणी धरण्याची क्षमता वाढलेली असते. म्हणून जगभरच्या हर्बेरियममध्ये ड्रायर हा हवा तापवणारा कपाटासारखा खोका असतो. घरी तो असा करा :

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके सगळ्यांच्या घरी पडलेले असतात. त्यांचा नालीदार पुठ्ठा प्रेसच्या मापाचा कापा, नाल्या आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेने जातील असा. थर असा लावायचा : पुठ्ठा, टिपकागद, रोप असलेला वर्तमानपत्राचा घडीचा कागद, टिपकागद, पुन्हा पुठ्ठा. प्रत्येक रोपाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा हवाच. पट्टे आवळून प्रेस आडवी न ठेवता कडेवर उभी करा, नाल्यांची तोंडं खाली आणि वर येतील अशी. खाली दोन विटा, विटांच्या मधे ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, तो पुरेसा तापत नाही. आणि पिवळा बल्ब आता शोधावा लागतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात जायची गरज नाही, गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मागच्या फळीवर एखादा असतो. गरम हवा नाल्यांतून वर चढते आणि ओल घेऊन जाते. बल्ब आणि पुठ्ठा यांच्यात वीतभर अंतर असू द्या, तापमापक मधल्या थरात सरकवून ४० ते ४५ अंश ठेवा. फार वर गेलं तर पानं तपकिरी होतात आणि हात लावताच मोडतात. घरी कोणी नसताना बल्ब चालू ठेवू नका, आणि स्पिरिट वापरलेलं रोप याच्याजवळ आणू नका. स्पिरिटबद्दल पुढे येईलच.

एसी असेल तर काम सोपं. एसीची खोली मुळातच कोरडी असते. ड्राय मोडवर टाका, प्रेस उभी ठेवा, टेबल फॅनची हवा नाल्यांच्या तोंडावर सोडा. बल्ब नसला तरी चालतं, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

टिपकागद पहिल्या दिवशी तीनदा बदलायचा, दुसऱ्या दिवशी दोनदा, मग रोज एकदा. बदलताना नवा कागद गरम आणि कोरडाच हवा. इस्त्री इथे वापरा. मुलं रोपावरून इस्त्री फिरवतात, ते म्हणजे भाजी शिजवणं आहे; फूल कागदात विरघळून जातं. इस्त्री कागदावरून फिरवा, वाफ गेली की लगेच प्रेसमध्ये घाला. टिपकागद महाग वाटला तर जाड वर्तमानपत्र चालेल, पण पुरवणीचं चकचकीत रंगीत पान नको. ते पाणी शोषत नाही आणि त्यावरची शाई सुटते ती निराळीच.

बदलायचा तो बाहेरचा कागद. रोप ज्या घडीच्या कागदात ठेवलंय तो वाळेपर्यंत उघडायचाच नाही. सगळ्या तक्रारींमध्ये हा नियम मोडल्याची तक्रार सर्वांत जास्त असते. "कसं चाललंय ते बघू" म्हणून उघडलं की ओली पाकळी निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

फूल कागदाला चिकटतं, त्याचा आकारच कळत नाही

यावर जरा सविस्तर, कारण तेरड्याच्या शीटची किंमत फुलावर ठरते. फुलाची रचना समजून घेतल्याशिवाय ते नीट दाबता येत नाही. बाहेर तीन निदलं (सेपल) असतात : दोन बाजूची अगदी बारीक, हिरवट, आणि खालचं एक होडीसारखं खोलगट, त्याला मागे बारीक वाकडी शेपटी, ती म्हणजे शुंडिका. पाकळ्या पाच, पण मोजायला जाल तर तीनच दिसतील. वरची एक सुटी, आणि बाजूच्या चार दोन-दोनच्या जोडीने तळाशी एकमेकींना चिकटलेल्या. मधे पाच पुंकेसरांचे परागकोश एकत्र येऊन अंडाशयावर टोपीसारखे बसलेले. कोरडं झाल्यावर हे सगळं एकावर एक बसून कांद्याच्या पातीचा पापुद्रा होतो. तेरड्याच्या गटातल्या फुलांबद्दल हे इतकं कुप्रसिद्ध आहे की जोसेफ डाल्टन हूकरसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९११ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत, जगभरातून आलेल्या याच प्रजातींच्या वाळक्या फुलांशी झुंजत होता. ज्यांनी ती गोळा केली त्यांनी एक फूल जरी उलगडून ठेवलं असतं तर म्हाताऱ्याचे कष्ट वाचले असते.

म्हणून एका शीटसाठी किमान चार फुलं घ्या. एक बाजूने दाबा, शुंडिका पूर्ण दिसेल असं. एक समोरून, चेहरा उघडा. तिसरं सुटं करा : मऊ टिश्यू पेपरचा एकच पदर घ्या (दोन पदरी असेल तर सोलून वेगळा करा, नक्षी उमटवलेला नको, ती पाकळीवर उतरते), तो टिपकागदावर पसरा. फुलाचा देठ चिमट्यात धरून आधी खालचं शुंडिकेचं निदल सुईने सोडवा आणि बाजूला ठेवा. मग वरची पाकळी. मग दोन्ही जोड-पाकळ्या, एकेक, तळापासून. पाकळी टिश्यूला टेकली की तिथेच चिकटते, परत उचलून नीट करू म्हटलं तर फाटते, त्यामुळे सुईच्या टोकावर असतानाच दिशा ठरवा. सगळं मांडून झालं की वर टिश्यूचा दुसरा पदर, त्यावर टिपकागद, आणि लगेच प्रेसमध्ये. पूर्ण वाळल्यावर टिश्यू आपोआप सुटतो. बटर पेपर मुलांना आवडतो, कारण त्याला काही चिकटत नाही. पण तो पाणीही शोषत नाही, पाकळी त्याच्यात उकडते.

चौथं फूल दाबायचंच नाही. ७० टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत टाका. रंग जाईल, आकार शाबूत राहील. बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, तिच्यावर शीटचाच संग्रह क्रमांक. बाहेर चिकटवलेलं लेबल स्पिरिटच्या एका थेंबाने पुसलं जातं.

बागेतला दुहेरी, गुलाबासारखा भरगच्च तेरडा शीटसाठी घेऊ नका. जादा पाकळ्यांमुळे वर सांगितलेलं काहीच त्यात नीट दिसत नाही. डोंगरउतारावरचा एकेरी फुलांचा घ्या. मात्र बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आणि नुसता सराव करायचा असेल तर गौरी-गणपतीत दादरच्या फुलबाजारात जा. तेरड्याच्या गौरी बसवणाऱ्यांसाठी तिथे मुळासकट रोपांच्या जुड्या येतात, शीटला मूळ तर हवंच असतं. पण त्या रोपाची शीट संग्रहात लावू नका. ते कुठल्या डोंगरावरून आलं हे विकणाऱ्या मावशींनाही सांगता येणार नाही, आणि ठिकाण नसलेली शीट म्हणजे नुसता वाळलेला पाला.

खोड काळं, पानं गळालेली

खोड करंगळीपेक्षा जाड असेल तर ब्लेडने उभं चिरा, मागची बाजू काढून टाका आणि आतला ओला गर चमच्याने खरवडा. समोरून पूर्ण खोड दिसतं, मागे पोकळ. पेरांजवळ जास्त खरवडा, कारण ओल तिथेच साठते आणि काळेपणा बहुतेक वेळा पेरापासूनच सुरू होतो.

पानगळ थांबवायची तर रोप आधी मारावं लागतं. फुलं वर धरून खोड आणि पानं उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, बाहेर काढून टिपून घ्या, मग दाबा. हिरवा थोडा गडद होतो, पण पानं जागेवर राहतात. दुसरा उपाय स्पिरिटचा : गावाला किंवा घाटात गोळा करायला गेलात आणि दोन दिवस प्रेस मिळणार नसेल, तर रोपं वर्तमानपत्रात घालून जुडी बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कागद भिजेल इतकं स्पिरिट ओता आणि तोंड घट्ट बांधा. हिला श्वाइनफुर्ट पद्धत म्हणतात, उष्ण प्रदेशात वनस्पती गोळा करणाऱ्यांमध्ये ती फार जुनी आहे. अशी रोपं तपकिरीच होतात, पण सडत नाहीत. ड्रायरमध्ये घालण्याआधी स्पिरिट मोकळ्या हवेत पूर्ण उडू द्या. उकळतं पाणी वापरलं किंवा स्पिरिट, ते लेबलवर लिहा, कारण पुढे कोणाला त्या शीटमधून डीएनए काढायचा झाला तर हे माहीत असणं महत्त्वाचं असतं. डीएनएसाठी दोन कोवळी पानं वेगळी, सिलिका जेलच्या पुडीत ठेवली तर सर्वांत बरं.

आणि एक, तेरडा पिशवीत भरून लोकलने घरी आणायचा नाही. विरार असो की कर्जत, गाडीतून उतरेपर्यंत फुलं झडलेली, पानं माना टाकलेली. दोन पुठ्ठे, रद्दी आणि सुतळी बरोबर न्या, रोप उपटल्या जागीच घडीच्या कागदात पसरा. पावसात भिजलेलं असेल तर आधी टिपकागदाने पानावरचं पाणी टिपा. वरून लागलेलं पाणी आतल्या पाण्याइतकंच नडतं.

फळांची गंमत वेगळी. पिकलेल्या लवदार बोंडाला हात लागला की ते फुटतं, झडपा गुंडाळतात आणि बिया उडतात. त्यामुळे दाबलेल्या शीटवर फळ कधी नसतंच. हिरवी, कच्ची बोंडं फांदीवर राहू द्या. पिकलेलं एखादं झाडावर असतानाच त्यावर छोटं कागदी पाकीट चढवा आणि मग खुडा. फुटलं तर पाकिटात फुटेल. तेच पाकीट शीटच्या कोपऱ्यात चिकटवायचं.

वाळलं की नाही कसं ओळखायचं

खोडाचं पेर गालाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. रोप एका टोकाने उचललं तर मान न टाकता सरळ राहिलं पाहिजे. ही परीक्षा झाल्याशिवाय शीटवर चिकटवू नका, कारण चिकटवल्यानंतर आलेली बुरशी शीटसकट फेकावी लागते.

चिकटवायला सेलो टेप नको. दोन पावसाळ्यांत ती पिवळी होऊन सुटते आणि पान घेऊन सुटते. पांढरा डिंक पातळ करून पानांच्या मागे ठिपके, आणि खोडाला सुती दोऱ्याचे टाके. लेबल जेल पेनने लिहू नका, दमट हवेत अक्षरं पसरतात. पेन्सिल किंवा पाण्याने न फुटणारी काळी शाई.

रंगाबद्दल मघाशी म्हटलं ते लेबलात भरून काढायचं असतं. तेरड्याचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. ती पाण्यात विरघळतात, आम्ल-अल्कली बदलली की रंग बदलतात, आणि उजेडात फिकी होतात. म्हणून रंग तोडतानाच लिहा, आणि नुसतं "गुलाबी" नको. "फिकट गुलाबी, जोड-पाकळ्यांच्या तळाशी गडद ठिपका, शुंडिकेचं टोक हिरवट" असं. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटो फोनबरोबर जातो, लेबल शीटबरोबर राहतं. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं, जेसुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं. कॉलेजमार्फत परवानगी काढून जुन्या शीट जरूर बघा. दशकांपूर्वीच्या तपकिरी फुलाचा रंग आज कळू शकतो तो फक्त कोणीतरी तेव्हा लिहून ठेवला म्हणून. मात्र जुनी शीट नाकाजवळ नेऊ नका आणि नंतर हात धुवा. कीड लागू नये म्हणून पूर्वी सर्रास मर्क्युरिक क्लोराइड लावत, आणि ते विष उडून जात नाही.

चांगली झालेली शीट दिवाळीपर्यंत पुन्हा बिघडते

हा दोन गोष्टींपैकी एकीचा प्रताप. पानाला गोल बारीक भोकं आणि खाली पिवळट भुकटी असेल तर तंबाखूचा किडा. तो तांबूस, गहू-दाण्यापेक्षा लहान भुंगेरा असतो, स्वयंपाकघरातल्या मसाल्यातही सापडतो. कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसत असेल तर कसर. दोन्हींवर उपाय थंडीचा. शीट जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंडाला टेप लावा, आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. आईला आधी विचारा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी गार शीटवर जमतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. डांबरगोळ्या किड्याला दूर ठेवतात, आत शिरलेल्याला मारत नाहीत, शिवाय झोपायच्या खोलीत त्यांचा वास चांगला नाही.

बुरशी आधीच आली असेल आणि तेरडा अजून फुलात असेल, तर ती शीट वाचवत बसू नका, नवं रोप आणा. हंगाम संपला असेल तर तोंडाला मास्क लावून, बाकीच्या शीटपासून दूर, गॅलरीत जा. मऊ ब्रशने बुरशी एकाच दिशेने झाडा, मग स्पिरिटमध्ये बुडवून निथळलेल्या ब्रशने डागावर हलकेच टेकवा, पाकळ्यांना न शिवता. स्पिरिट पूर्ण उडालं की मगच दोन दिवस ड्रायरमध्ये. नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. पुड्यांमधले निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून कोरडे करा, पण त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात जायला नको.